पेटीला विश्रांती

गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. तो पेटीवाला. सतरा वर्षांपूर्वी त्याने टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी करड्या रंगाची एक पत्र्याची पेटी बनवली, तिच्यात नखाएवढी चिप बसवली आणि त्या चिपला शिकवलं, की पाणी खाली गेलं की पंप चालू करायचा आणि वर आलं की बंद करायचा. बस्स, एवढंच. पण त्यानंतर पेटी म्हणे एकदाही चुकली नाही, आणि न चुकणारी वस्तू बनवणाऱ्याकडे बाकीची कामं आपण होऊन चालत येतात. बेकरीची भट्टी, कोंबड्यांची अंडी उबवायचं यंत्र, फुलांचं काचघर, भाजीची थंड खोली, सगळीकडे त्याच्या पेट्या. कुणी नवीन गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं, की तो नुसतं टेकडीकडे बोट दाखवायचा. पुढे बोलावंच लागत नसे.

खरं तर नवरा-बायको इथे वर्षभरासाठी आले होते. मोठ्या शहरात त्यांची एकच खोली होती, पडद्याच्या अलीकडे झोपायचं आणि पलीकडे स्वयंपाक, आणि खिडकी उघडली की हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. एका सुटीत बायकोच्या मावशीला भेटायला म्हणून या गावात आले, तर चौकातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानावर ‘वर खोल्या भाड्याने’ अशी पाटी. दोन खोल्या, वर गच्ची, तीन बाजूंनी वारा. भाडं ऐकून त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. शहरात स्कूटर उभी करायला तो जवळपास तेवढेच देत होता. वाइंडिंगवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक महाग म्हणून गप्प झालंय, म्हणून त्याने आणखी कमी केलं. हा किस्सा बायको आजही पाहुण्यांना सांगते, आणि वाइंडिंगवाला आजही त्यावर चिडतो.

काय दिवस होते ते! खालून सतत व्हार्निशचा वास, जिन्यात तांब्याच्या तारेचे तुकडे, आणि एखादी मोठी मोटर चाचणीला लावली की वरच्या फरशीला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. कुठलंसं जुनं दार दोन पेट्यांवर आडवं टाकून त्याचं टेबल केलेलं. त्याच टेबलावर टाकीची पेटी तयार झाली. बायको गावातल्या शाळेत गणित शिकवायला लागली होती, पहिलं मूल पोटात होतं, आणि शहरातून आणलेल्या दोन मोठ्या बॅगा तशाच बांधलेल्या भिंतीशी उभ्या होत्या. सोडायच्या का नाही हे ठरत नव्हतं. कारण पाणी समितीने पेटी घेतली होती खरी, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. या सहा महिन्यांत एकदा जरी चुकली तर पेटी काढून घेऊन जायची, पैसे मिळणार नाहीत. आणि मग शहरातल्या जुन्या साहेबाला फोन करण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

हे सगळं त्याने त्या वेळी एकाच माणसाला सांगितलं होतं, टाकीवाल्या काकांना. काका म्हणजे टाकीचे राखणदार, पंप चालवणारे, गावभरच्या व्हॉल्व्हच्या चाव्या कमरेला लावून फिरणारे. शाळा फारशी नाही, पण नाकावर माशी बसू देत नसत. टाकीच्या नोंदवहीत रोजची पाण्याची पातळी, पंपाची वेळ, कुठे गळती, सगळं निळ्या शाईत, अक्षर असं की छापल्यासारखं. नवीन पेटी आली तेव्हा हा माणूस आपल्यावर डूख धरणार असंच त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. काकांनी त्याला टाकीच्या पायऱ्यांवर बसवून पाणी ऐकायला शिकवलं. पाइपात हवा असली की कसा आवाज येतो, विहीर तळाला लागली की पंप कसा कोरडा खोकतो, हे त्याला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पाच वाजता दोघं पायऱ्यांवर बसत, थर्मासमधला चहा पीत, आणि खाली गावातल्या छपरांवरून ऊन सरकत जाई. तेव्हाच एकदा तो म्हणून गेला होता, की काका, ही पेटी फसली तर आम्ही निघालो, बॅगासुद्धा अजून सोडलेल्या नाहीत. चहाचं झाकण झटकून काकांनी परत थर्मासवर बसवलं होतं.

पेटी फसली नाही. बॅगा सुटल्या. एकीत पुढे मुलीच्या दुपट्यांची सोय झाली, दुसरी माळ्यावर गेली. सतरा वर्षं कशी गेली ते कळलंसुद्धा नाही.

आता ज्यासाठी एवढं सगळं सांगितलं ते ऐका. काका या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी त्यांची धाकटी मुलगी आली. नळकामाचं रीतसर शिक्षण घेतलेली, बत्तीस-तेहतीस वर्षांची, बापासारखीच काटेकोर. सुरुवातीला काका मधूनमधून वर चक्कर मारत. मग डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना घरीच बसवलं. त्यानंतर दीड-एक महिन्याने, वीस तारखेला सकाळी, ती गावाच्या खालच्या टोकाला फुटलेल्या व्हॉल्व्हशी झटत असताना वर टाकीवर पंप चालू झाला आणि बंदच झाला नाही. टाकी भरून वाहिली. विहीर तळाला गेली. पंप कोरडा चालत राहिला आणि मोटर जळाली. दीड वाजता ती वर पोहोचली तेव्हा खोलीत धूर आणि पायऱ्यांवरून ओढा. पुढचे तीन दिवस, उसनी मोटर बसेपर्यंत, गावाने टँकरच्या मागे बादल्या घेऊन रांगा लावल्या, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जीभ काय वर्णावी!

पेटीवाल्याला अर्थातच लगेच बोलावलं. त्याने पेटी उघडली. मुख्य स्विच आधीच कुणीतरी पाडला होता. पेटीत त्याने स्वतःच हौसेने एक बॅटरी बसवलेली होती, वीज गेली तरी पेटी जागी राहावी म्हणून. ती त्याने काढली, परत जोडली, पाण्याचा तरंगता गोळा हाताने खालीवर केला. पेटी लगेच शहाण्या मुलीसारखी वागायला लागली. समितीच्या अध्यक्षबाई शेजारीच उभ्या होत्या. औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाई, त्यांना गोळी आणि माणूस दोन्ही मोजूनच घ्यायची सवय. त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, पेटी ठीक आहे. सतरा वर्षांच्या सवयीने म्हणाला. तोंडातून शब्द गेला आणि त्याबरोबर त्या मुलीची नोकरीही निघाली. पेटी ठीक तर माणूस चुकला, हिशेब सरळ होता. भिंतीवर एक स्विच होता, पेटीला बाजूला ठेवून पंप हाताने चालवण्याचा. तिने तो दाबला असणार आणि विसरून खाली गेली असणार. ती म्हणत राहिली की मी हात लावला नाही. पण चुकलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. शनिवारी अकरा वाजता बैठक, आणि बैठकीत काय होणार ते चहाच्या टपरीवरच्या पोरासोरांनाही माहीत होतं.

पेटीवाला अजूनही त्याच खोल्यांत राहत होता, आणि जळालेली मोटर खालीच, वाइंडिंगवाल्याकडे आली होती. गुरुवारी दुपारी तो करपलेली तार ओढून काढत होता आणि पेटीवाला शेजारच्या स्टुलावर चहा घेत बसला होता, तेवढ्यात काकांची मुलगी आली. मोटर कधी होईल, एवढंच विचारायला आली होती. उत्तर मिळाल्यावरही उभीच राहिली. मग खाली बघत म्हणाली, “दादा, मी खरंच हात लावला नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं पेटी बंदसुद्धा केली नाही.”

त्याने विचारलं, “बंद? कशासाठी बंद?”

“बाबा करायचे ना. दर एक तारखेला संध्याकाळी पाचला. मुख्य स्विच पाडायचा, बॅटरीची वायर काढायची, शंभर आकडे मोजायचे, परत सगळं लावायचं. मी तुम्हाला विचारलं होतं.”

तेव्हा त्याला आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी ती जिन्यात भेटली होती. बाबा म्हणतात पेटीला महिन्यातून एकदा विश्रांती द्यायची, दिलीच पाहिजे का? आणि तो हसला होता. यंत्र काय दमतं का, म्हणाला होता. बॅटरी मी मुद्दाम बसवलीय ती पेटी बंद पडू नये म्हणून, आणि तुम्ही लोक ती काढता? वर हेही म्हणाला होता, की काकांना सांग, माझी पेटी शंभर वर्षं न झोपता चालेल. मोठ्या माणसाची गंमत केल्याचा आनंदही झाला होता त्याला.

“शेवटची कधी बंद केली होती?”

ती म्हणाली, “मागच्या महिन्याच्या एक तारखेला. बाबांनीच, ऑपरेशनच्या आधी.”

मागचा महिना एकतीस दिवसांचा. एक तारखेच्या संध्याकाळी पाचपासून वीस तारखेच्या सकाळी दहापर्यंत. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मोजून होण्याआधीच त्याला आकडा कळला. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास. हा आकडा त्याच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. चिपमधलं घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग असा एक-एक मोजत जातं. चारशे एकोणतीस कोटी आणि वर काही लाखांपर्यंत गेलं की त्याचं भांडं भरतं आणि ते पुन्हा शून्यावर येतं. याला लागतात एकोणपन्नास दिवस, सतरा तास. कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेल्यांना तो स्वतः हे बजावून सांगत असे, आणि सांगताना जरा ऐटीतच सांगत असे.

चहा तसाच ठेवून तो वर गेला. माळ्यावरची बॅग काढली. त्या काळात तो सगळे प्रोग्रॅम कागदावर छापून ठेवायचा, आणि टाकीचा प्रोग्रॅम तिथेच होता, दोऱ्याने बांधलेला, अकरा पानांचा. पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. मागच्या कोऱ्या बाजूला बायकोच्या अक्षरात यादी: साबण, बल्ब, लोकरीचे दोन गुंडे, तुझ्यासाठी चप्पल. लोकर मुलीसाठी होती. ती पोरगी आता उंचीने आईच्या वर गेली आहे. तो यादीच वाचत बसला थोडा वेळ. मग चौथ्या पानावर त्याला ती ओळ सापडली.

ओळ तरुण माणसाची होती, हे लगेच कळत होतं. पेटी दर तीस सेकंदांनी पाणी बघायची. एकदा बघून झालं की पुढची वेळ लिहून ठेवायची: आत्ताची वेळ अधिक तीस सेकंद. हा आकडा मोठा होत जाईल, मावला नाही तर काय, अशी त्याला तेव्हा काळजी वाटली होती, म्हणून त्याने पुढची वेळ ठेवायला मोठं भांडं घेतलं होतं. घड्याळाचं भांडं मात्र लहानच. म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवशी पेटी स्वतःला सांगायची, की आता बघायचं ते घड्याळ अमुक आकड्यावर आलं की, आणि त्या आकड्यापर्यंत घड्याळ कधी पोहोचणारच नसायचं. ते तिथवर जाण्याआधीच शून्यावर यायचं. पेटी वाट बघत बसायची. पंप चालू असला तर चालूच, बंद असला तर बंदच. प्रोग्रॅम अडकला तर चिपला हलवून जागं करणारा एक राखणदारही त्याने आत बसवला होता, पण त्या बिचाऱ्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. प्रोग्रॅम जागा होता, नुसती वाट बघत होता. आणि त्या ओळीच्या शेजारी त्याने स्वतःसाठी शेरा लिहिला होता: ‘येथे कधीही अडचण येणार नाही.’

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. त्यात आणखी भर म्हणजे हीच ओळ त्याने पुढच्या प्रत्येक पेटीत उचलून ठेवली होती. बेकरी, अंडी, काचघर, सगळीकडे. ती सगळी वाचली कशामुळे, तर त्यांच्यात बॅटरी नव्हती. महिन्यातून दोन-तीनदा गावातली वीज जायची, पेट्या बंद पडायच्या, परत पहिल्यापासून मोजायला लागायच्या. ज्या वीज जाण्याला त्याने सतरा वर्षं शिव्या घातल्या, तिनेच त्याची अब्रू सांभाळली होती. आणि टाकीवरच्या पेटीची अब्रू सांभाळली होती एका म्हाताऱ्याने, दर महिन्याला, वायर काढून, शंभर आकडे मोजून.

बायको शाळेतून आली तेव्हा माळ्यावरचं सगळं खाली पसरलेलं होतं. त्याने तिला सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की शेजारच्या बारा गावांच्या टाक्यांचं काम पुढच्या महिन्यात ठरतंय, ते अध्यक्षबाईंच्या शिफारशीच्या पत्रावर अडलंय, आणि ते काम मिळालं असतं तर मुलीच्या शिक्षणाची काळजी मिटली असती. ओळ बदलायला दहा मिनिटं लागतात. शुक्रवारी वर जाऊन तो बदलून आला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. बायकोने सगळं ऐकून घेतलं, मग तो यादीचा कागद उचलून बघितला आणि म्हणाली, की ती चप्पल तू कधी आणलीच नाहीस. नंतर शांतपणे म्हणाली, “कुणाला कळणार नाही हे खरं आहे. पण ती पोरगी आपल्या जिन्यात उभी राहून तुला विचारून गेली होती.” एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

शुक्रवारी सकाळी तो टाकीवर गेला. बाकी काही नाही तरी काका हे करत होते याचा पुरावा हवा होता. पंपाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात नोंदवह्या एकावर एक रचलेल्या होत्या. काकांच्या मुलीने किल्ली दिली आणि ती बाहेर पायऱ्या धूत राहिली. त्याने कुठलीही वही काढली, कुठलाही महिना उघडला, तरी एक तारखेला ती नोंद होतीच: ‘सायं. ५, पेटीला विश्रांती.’ सतरा वर्षांत एक महिना चुकलेला नव्हता. पावसात नाही, तापात नाही, मोठ्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात नाही. मागे-मागे जाता-जाता तो पहिल्या वहीवर आला. पेटी बसवली तो दिवस सापडला. तिथे त्याची स्वतःची सही होती, लांबलचक शेपटीची, आता करत नाही तशी. मग तो पुढे मोजत गेला, पन्नासाव्या दिवसापर्यंत.

तिथे लिहिलं होतं: ‘स. १० नंतर टाकी भरून वाहिली. माझा डोळा लागला होता. पेटी ठीक. चूक माझी.’ खाली समितीच्या त्या वेळच्या अध्यक्षांचा लाल शाईतला शेरा: ‘सक्त ताकीद. पुन्हा असे झाल्यास कामावरून कमी.’

त्याने ती ओळ तीनदा वाचली. काकांचा डोळा! सकाळी दहा वाजता! हा माणूस ताप असला तरी कामावर पाठ टेकत नसे. पुढे आणखी पन्नास दिवसांनी एक छोटी नोंद: ‘पेटी बंद करून चालू केली. ठीक.’ पहिल्या वेळीही त्यांनी हेच केलं असणार, फक्त या वेळी टाकी वाहायच्या आत पकडलं होतं. आणि त्याच्या पुढच्या एक तारखेपासून विश्रांती सुरू. शाळा न शिकलेल्या माणसाने दोन वेळच्या अडकण्यावरून दिवस मोजले होते, उपाय शोधला होता, आणि तो निमूटपणे सतरा वर्षं केला होता. पेटीवाला तिथेच पंपाच्या चौथऱ्यावर बसला आणि त्याला रडू आलं. अगदी ढसाढसा नाही, पण बाहेर पायऱ्या धुणाऱ्या मुलीला झाडू थांबवावा लागला एवढं तरी आलं.

शनिवारी अकराला बैठक सुरू झाली. शाळेचा लांबट हॉल, सात जणांची समिती, त्यात वाइंडिंगवालाही, आणि भिंतीशी काकांची मुलगी, हातात रुमालाची गुंडाळी करून. अध्यक्षबाईंनी वाचायला कागद उचलला तेव्हा पेटीवाला उभा राहिला.

“तिची चूक नाही,” तो म्हणाला. “पेटी अडकली. प्रोग्रॅममध्ये माझी चूक आहे, पहिल्या दिवसापासून आहे. आणि पेटी बंद करू नकोस हे तिला मीच सांगितलं.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, पेटी ठीक आहे.”

“म्हणालो. नीट न बघता म्हणालो.”

मग त्याने सगळं समजावून सांगितलं, लहान भांडं, मोठं भांडं, एकोणपन्नास दिवस. निम्म्यांना कळलं, निम्म्यांनी कळल्यासारखं केलं. एकाने विचारलं की असं असेल तर सतरा वर्षं कशी चालली, तेव्हा त्याने नोंदवह्या टेबलावर ठेवल्या आणि एक तारखेच्या नोंदी दाखवत गेला. पहिल्या वहीतलं ते पानही दाखवलं. वही सातही जणांच्या हातांतून फिरली. शेवटी वाइंडिंगवाला म्हणाला, म्हणजे एवढी वर्षं आपण पेटीचं कौतुक करत होतो आणि चालत होता तो म्हातारा. कुणी हसलं नाही. तो स्वतःही हसला नाही.

मुलीची नोकरी राहिली. तिला काढायचा ठराव तिथेच फाडला. बारा गावांच्या पत्राचं मात्र अध्यक्षबाई दाराशी म्हणाल्या, की ते जरा पुढे बघू. बाई सभ्य होत्या, पण पुढे बघू म्हणजे काय ते त्याला समजलं. वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. खोटं कशाला सांगा.

तिथून तो आणि ती मुलगी थेट तिच्या घरी गेले. पहिली वही त्याने अध्यक्षबाईंना विचारून बरोबर घेतली होती. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला जेमतेम उजेड-अंधार कळत होता. मुलीने घरात काहीच कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी जिवाला लावून घ्यायचं नाही असं सांगितलं होतं ना. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, बैठकीपर्यंत. मध्ये काका एकदाच मुलीच्या दिशेने वळले आणि म्हणाले की मला सांगायचं होतंस. बाकी ऐकत राहिले.

त्याने विचारलं, “काका, तुम्हाला कळलं होतं पेटी चुकते ते. मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू समितीला सांगितलं असतंस,” काका म्हणाले. “तसला तू. मग पेटी गेली असती आणि तू पण. बॅगा बांधून बसला होतास ना. मला तू राहायला हवा होतास.”

“पण नंतर? सहा महिने झाल्यावर तरी?”

काकांनी जरा विचार केला. “नंतर तू खूश होतास. गावभर सांगत फिरायचास, चुकत नाही म्हणून. आणि मला काय, महिन्यातून एकदा शंभर आकडे मोजायचे. सवय झाली.”

म्हाताऱ्याचा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि तसाच बसून राहिला. खिडकीतून टेकडी दिसत होती आणि वर टाकी, सतरा वर्षांत दोनदा रंग दिलेली. आपण या गावात राहिलो ते स्वस्त भाड्यामुळे आणि आपल्या हुशारीमुळे, असंच तो आजवर धरून चालला होता.

मग त्याने वही उघडली. पन्नासावा दिवस काढला, लाल शेऱ्याच्या खाली थोडी जागा होती. मुलीने पेन दिलं.

“काय करतोस?” काकांनी विचारलं. कागदाचा आवाज त्यांना कळला होता.

“नोंद दुरुस्त करतोय,” तो म्हणाला, आणि लिहिता-लिहिता वाचून दाखवू लागला. “डोळा लागला नव्हता. पेटी अडकली होती. चूक पेटी बनवणाऱ्याची.” खाली त्याने सही केली, आताची, बिनशेपटीची.

काकांनी पट्टीच्या कडेला बोट लावून काहीतरी पुसलं.

“तारीख टाकलीस का?” ते म्हणाले.

“टाकतो,” तो म्हणाला, आणि त्याने आजची तारीख टाकली.